दिव्यांगांसाठी शासकीय अर्थसाहाय्य आणि रोजगार: आधी कुठे जायचं, मग कुठे

महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी योजना पुष्कळ आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत. प्रमाणपत्र सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळतं, पेन्शन तहसील कार्यालयातून. धंद्यासाठीचं अनुदान जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे, कर्ज महामंडळाकडे, गावातला राखीव निधी ग्रामपंचायतीकडे आणि नोकरीतलं आरक्षण ज्या-त्या खात्याच्या जाहिरातीत. एका कार्यालयातला माणूस दुसऱ्या कार्यालयातलं सहसा सांगत नाही, कारण त्यालाही ते माहीत नसतं. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, तरी तालुक्याच्या गावी ही दारं आजही आपली आपणच शोधावी लागतात. म्हणून पुढची सगळी माहिती कामाच्या क्रमाने दिली आहे. क्रम चुकला की हेलपाटे वाढतात आणि अनेकजण तिथेच नाद सोडून देतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

पहिलं काम: प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

बाकी सगळं यावर उभं आहे. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं एकच ओळखपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ (तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला) एकूण २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो. अंधत्व, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग ही नेहमीची नावं झाली. पण स्वमग्नता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, बुटकेपणा, अ‍ॅसिड हल्ल्यातले बळी, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलसुद्धा त्यात आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलचे रुग्ण कित्येक घरांत आहेत आणि त्यातल्या अनेकांना हा आजार कायद्याच्या यादीत आहे याचीच कल्पना नसते.

अर्ज ‘स्वावलंबन कार्ड’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर करायचा. स्वतःच्या मोबाईलवर जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात भरून मिळतो. आधार कार्ड, अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जात हॉस्पिटल निवडावं लागतं: राहत्या जिल्ह्यातलं, किंवा जिथे उपचार चालू आहेत ते. जिथे त्या आजाराचा तज्ज्ञ आहे तेच निवडा. मानसोपचारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ नसलेलं रुग्णालय निवडलं, तर तारीख मिळून, भाडं खर्चून पुढच्या हॉस्पिटलची चिठ्ठी हातात येते. तपासणीचे वार प्रत्येक रुग्णालयाचे वेगळे असतात, ते आधी फोन करून विचारा.

तपासणीला जाताना सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्या: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑडिओमेट्री, बुद्ध्यांक चाचणी, चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या. मानसिक आजार, अपस्मार, रक्ताचे आजार अशा वरून न दिसणाऱ्या त्रासात हे कागदच तुमच्या वतीने बोलतात. घरच्या माणसाने सोबत जावं आणि रुग्णाला रोजच्या व्यवहारात काय जमत नाही ते नेमकं सांगावं: एकट्याने बसने जाता येत नाही, सुटे पैसे मोजता येत नाहीत, बटणं लावता येत नाहीत. नुसतं ‘त्रास आहे’ एवढ्यावर डॉक्टरला टक्केवारी ठरवता येत नाही.

नियमात २०२४ साली दुरुस्ती झाल्यापासून प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिने आहे. कार्डाला रंगही आले: ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० किंवा जास्त असेल तर निळं. बहुतेक योजना ४० टक्क्यांपासून सुरू होतात आणि काही ८० ला. म्हणून टक्केवारी चुकीची वाटली तर गप्प बसू नका. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची अखेरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तीन-चार महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका. मुदत संपली की पेन्शन थांबते आणि ती पुन्हा सुरू करून घेणं नव्या अर्जाहून जास्त त्रासाचं असतं.

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी ‘एसएडीएम’ या संगणक प्रणालीतून ऑनलाइन प्रमाणपत्रं दिली जात. तुमच्याकडे ते किंवा त्याहून जुनं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल, तर त्याच्या आधारे यूडीआयडी काढून घ्या. आता जवळपास प्रत्येक ठिकाणी तोच क्रमांक मागतात.

टक्केवारी ‘वाढवून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथून निघून या. खोटेपणाने लाभ घेतल्यास कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ते भोगावं लागतं तुम्हाला, एजंटाला नाही.

दुसरं काम: नाव, खातं आणि आधार एका ओळीत आणणं

हा भाग लोक टाळतात. मात्र अडकलेले अर्ज पाहिले की निम्म्याहून अधिक घोटाळा इथेच सापडतो. आधारवर ‘सुमनबाई’, रेशन कार्डावर ‘सुमन’, बँकेत नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. पेन्शनच्या अर्जाआधी हे एकसारखं करून घ्या.

पैसे आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: तुम्ही अर्जात कोणतं खातं लिहिलं याला फारसा अर्थ उरत नाही, ज्या बँकेत तुमचा आधार सर्वांत शेवटी थेट अनुदानासाठी जोडला गेला, त्या खात्यात रक्कम जाते. कधीतरी कुणीतरी शिबिरात उघडून दिलेलं, विसरून गेलेलं खातं असतं आणि पेन्शन महिनोन्महिने तिथे साठत राहते. म्हणून ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून तहसीलला जाण्याआधी बँकेत जाऊन विचारा: माझा आधार अनुदानासाठी कोणत्या बँकेला जोडलेला आहे?

तिसरं काम: दरमहाची पेन्शन

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये मिळतात. त्याआधी ही रक्कम १,५०० होती. अटी अशा: वय १८ ते ६५, किमान ४० टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. इतर निराधारांना उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे, दिव्यांगांना ५०,०००. हा फरक काही वेळा टेबलावरच्या कारकुनालाच ठाऊक नसतो आणि २१,००० चा नियम दाखवून अर्ज परत केला जातो. तसं झालं तर नम्रपणे पण ठामपणे ‘दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० आहे, नाकारायचं असेल तर लेखी द्या’ असं सांगा.

वर्षाला ५०,००० म्हणजे दिवसाला १३७ रुपये. घरात एक धडधाकट माणूस रोजंदारीला जात असेल तर खरं उत्पन्न यापेक्षा जास्तच भरणार. ही मर्यादा वाढायला हवी आणि ती वैयक्तिक उत्पन्नावर ठरायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पस्तिशीच्या अंध मुलाला वडिलांच्या मजुरीमुळे पेन्शन नाकारणं म्हणजे त्याने आयुष्यभर वडिलांच्या खिशाकडे पाहत राहावं असं सांगणं. तोवर तलाठ्याचा अहवाल खरा आणि नीट लिहिलेला असणं एवढंच आपल्या हातात आहे. कुटुंब विभक्त असेल तर रेशन कार्ड विभक्त करून घ्या आणि मगच उत्पन्नाचा दाखला काढा.

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत किंवा सेवा केंद्रातून करायचा. सोबत यूडीआयडी आणि प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुकाची प्रत. तालुका समितीच्या बैठकीत अर्ज मंजूर होतो, म्हणून पुढची बैठक कधी आहे ते विचारून ठेवा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आवक क्रमांक आणि तारीख नसलेला अर्ज नंतर सापडत नाही.

दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना लागू होते. तिच्यात केंद्राचा वाटा ३०० रुपयांचा आणि उरलेली रक्कम राज्य संजय गांधी योजनेतून भरतं. तुमच्या हातात येणारी रक्कम तीच राहते, त्यामुळे कोणत्या शीर्षाखाली मंजुरी झाली याची चिंता नको.

मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की नाव यादीतून गळतं. आणखी एक: ही पेन्शन घेणाऱ्या बहिणींना ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे मिळत नाहीत. कुणाच्या सांगण्यावरून दोन्हीकडे अर्ज केला, तर पुढे वसुली मागे लागू शकते. पेन्शनची रक्कम मोठी आहे, तीच धरून ठेवा.

चौथं काम: गावातला पाच टक्के निधी

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका या सगळ्यांना आपल्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. छोट्या ग्रामपंचायतीत ही रक्कम फार नसते, पण औद्योगिक वसाहत किंवा पवनचक्क्या हद्दीत असतील तर चांगलीच भरते. ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या: मागच्या वर्षी स्वउत्पन्न किती झालं, आणि त्याचे पाच टक्के कुणाला, कशासाठी दिले? आधी ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत तुमचं नाव आहे का ते बघा. शहरात महानगरपालिकेचा समाजकल्याण किंवा समाजविकास विभाग हेच काम करतो. मोठ्या महापालिकांमध्ये दरवर्षी ठरावीक काळात अर्ज मागवतात, त्यामुळे स्थानिक वर्तमानपत्रावर नजर ठेवा.

साधनांसाठी केंद्राची ‘एडिप’ योजना आहे. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर श्रवणयंत्र, तीनचाकी, कॅलिपर, कृत्रिम पाय अशी साधनं पूर्ण मोफत, आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळतात. ‘अलिम्को’ या साधनं बनवणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीची मोजमाप शिबिरं तालुक्याच्या ठिकाणी भरतात. शिबिरात फक्त मोजमाप होतं, साधन काही महिन्यांनी येतं. पावती जपून ठेवा.

मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगत्व असलेल्यांच्या पालकांसाठी दोन गोष्टी. एक, राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना: वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीने आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. हे प्रमाणपत्र नसेल तर बँक खातं, पेन्शन, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, सगळीकडे अडतं. सतराव्या वर्षीच कागद जमवायला घ्या.

पाचवं काम: नोकरी

पेन्शनवर घर चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. म्हणून कागद हातात आले की रोजगाराकडे वळावं.

सरकारी नोकरीत दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ४ टक्के आरक्षण आहे: अंध व अल्पदृष्टी १ टक्का, कर्णबधिर व ऐकू कमी येणारे १ टक्का, अस्थिव्यंग १ टक्का, ज्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, अ‍ॅसिड हल्ला आणि स्नायूंचा विकार येतात, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगत्व मिळून १ टक्का. या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन नाहीत. या आजारांच्या मुलांना उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा आणि प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सवलत मिळते, पण नोकरीतलं आरक्षण मिळत नाही. कायद्यातली ही मोठी उणीव आहे. पालकांनी मुलाचं शिक्षण आणि पुढची वाट ठरवताना ती लक्षात ठेवावी.

हे आरक्षण समांतर आहे. म्हणजे तुम्ही खुल्या, इतर मागास, अनुसूचित कुठल्याही प्रवर्गातले असा, दिव्यांगांची जागा त्या प्रवर्गाच्या आतच भरली जाते. म्हणून जातीचं प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर हेही तयार ठेवा. राज्य सेवेत दिव्यांग उमेदवाराला ४५ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. केंद्रात खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगाला १०, इतर मागासवर्गीयाला १३ आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १५ वर्षांची सवलत आहे. घरी बसलेली चाळिशीची माणसं ‘आता वय गेलं’ म्हणतात, त्यांना हे आवर्जून सांगा.

जाहिरात वाचताना ‘दिव्यांगांसाठी सुनिश्चित पद’ हा भाग काळजीपूर्वक बघा. तिथे कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाला ते पद योग्य ठरवलं आहे हे लिहिलेलं असतं. तुमचा प्रकार त्यात नसेल तर गुणवत्ता यादीत येऊनही कागदपत्र तपासणीत नाव कटतं. जागा रिक्त राहिली तर ती पुढच्या भरतीवर्षात न्यावी लागते. तेव्हाही त्या प्रकारचा उमेदवार मिळाला नाही तर दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगाला देता येते. बिंदुनामावली (कोणती जागा कोणासाठी राखीव याचा तक्ता) माहिती अधिकारात मागवली की अनुशेष दिसतो. शुल्क फक्त १० रुपये.

परीक्षेत लेखनिक हवा असेल तर अर्ज भरतानाच तसं नोंदवा. अंध, दोन्ही हातांनी बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या उमेदवारांनी मागितला तर लेखनिक द्यावाच लागतो. इतरांना लिहिता येत नसल्याचं सिव्हिल सर्जनचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. प्रत्येक तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात.

खासगी नोकरीत आरक्षण नाही, पण २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला समान संधी धोरण तयार करावं लागतं. त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदं, सोयी आणि संपर्क अधिकारी यांची माहिती असायला हवी. मुलाखतीआधी ते मागून वाचा. नोंदणीसाठी राज्याचं ‘महास्वयंम’ आणि केंद्राचं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ ही पोर्टल आहेत. मुंबईत शीव-चुनाभट्टीला दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. तिथे क्षमता तपासून कोणतं काम जमेल याचा सल्ला देतात आणि प्रशिक्षणही होतं. कर्णबधिरांना वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेचा, अस्थिव्यंगांना हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेचा आधार आहे.

ज्यांना नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, त्यांच्यासाठी याच कायद्याचं कलम २० फार मोलाचं आहे. चालकाची नजर गेली, शिपायाचा पाय कापावा लागला, तरी शासकीय आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, आणि पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर पदांहून जादा) पदावर ठेवायचं. अपघातानंतर खचलेल्या माणसाकडून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही घेतली जाते. घरच्यांनी तेव्हा जागं राहावं आणि या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा. खासगी कारखान्यातल्या अपघाताला हे कलम लागू नाही. तिथे ईएसआयसीकडे (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) किंवा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० खाली नुकसानभरपाईचा दावा करायचा; नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता.

नोकरी लागल्यावर व्यवसायकरातून सूट मागा. ४० टक्के दिव्यांगत्वाला महाराष्ट्रात ती मिळते आणि वर्षाचे अडीच हजार वाचतात.

सहावं काम: स्वतःचा धंदा

लहान सुरुवातीसाठी बीज भांडवल योजना. दीड लाखापर्यंतच्या व्यवसायाला बँक ८० टक्के कर्ज देते आणि २० टक्के किंवा जास्तीत जास्त ३०,००० रुपये अनुदान मिळतं. वय १८ ते ५०, वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात. खरी अडचण बँकेत येते: शिफारस होते आणि शाखाधिकारी फाईल बाजूला ठेवतो. म्हणून उलटा क्रम धरा. आधी बँकेत जा, शाखाधिकाऱ्याला धंद्याचा साधा हिशेब दाखवा, कोटेशन द्या, आणि तो तयार झाला की समाजकल्याणला त्याच शाखेचं नाव लिहा.

मोठ्या रकमेसाठी महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळ. राष्ट्रीय महामंडळाचा निधी त्याच्यामार्फत येतो. ५०,००० पर्यंतच्या कर्जाला व्याज ५ टक्के, आणि रक्कम वाढेल तसा दर चढतो. परतफेडीला दहा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. जामीनदाराची अट आधीच विचारून घ्या, बहुतेक फायली तिथेच थांबतात. याच महामंडळाची ई-वाहनावरच्या फिरत्या दुकानाची योजना आहे: १८ ते ५५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या दिव्यांगांना वाहन मोफत, जास्त टक्केवारीला प्राधान्य. अर्ज ठरावीक मुदतीतच उघडतात. वाहन मिळण्याआधी विक्रीची जागा आणि माल ठरवून ठेवा; गल्लीत उभं राहिलेलं वाहन कुणाचंच पोट भरत नाही.

अडलं तर

तोंडी नकार स्वीकारू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला लांबला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा. पेन्शन किंवा निधीचा अर्ज पडून असेल तर त्यावर रोज काय कार्यवाही झाली ते माहिती अधिकारात विचारा. भरती, आरक्षण, शाळाप्रवेश, भेदभाव अशा तक्रारी पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येतात. साध्या कागदावर, वकिलाशिवाय. चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. आणि कोर्टात जायची वेळ आलीच, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात यूडीआयडीची प्रत आणि अर्ज द्यायचा. तालुक्याच्या कोर्टातही त्याची समिती असते.